कॅसेट शेवटपर्यंत चालू द्यायची

तुम्ही करता काय, असं कुणी विचारलं की मी सांगतो, लोकांच्या घरातले जुने फोटो आणि जुन्या कॅसेटी लावून देतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे स्कॅनिंग का?" स्कॅनिंग हा यातला सगळ्यात सोपा भाग, तो यंत्र करतं. माझं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. आधी म्हणजे कुठला फोटो कुठल्या पाकिटात, कशाच्या खाली होता, ते लिहून ठेवणं. नंतर म्हणजे त्यात कोण आहे, जागा कुठली, साधारण कधीचा, आणि हे सगळं आपल्याला कुणी सांगितलं, ते लिहिणं. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. फोटोच्या मागं शाईनं 'काशीमावशी' असं लिहिलेलं असणं वेगळं, आणि ऐंशी वर्षांच्या काकांनी चष्मा शोधत शोधत "काशीच असेल, दुसरी कोण असणार" म्हणणं वेगळं. दोन्ही मी लिहितो, पण वेगवेगळं लिहितो.

याआधी मी बंगळूरच्या पीण्या भागातल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. पंपांचे भाग यायचे, ते गेज लावून मोजायचे, आकडा नोंदवायचा, मापात नसेल तो भाग बाजूला ठेवायचा. कारखाना शहराबाहेर लांब गेला, मी गेलो नाही. घरात कुणाच्या तरी लग्नानिमित्त फोटो शोधायची वेळ आली तेव्हा माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या माहेरचा एक गठ्ठा मी नीट लावून दिला, आणि ते बघून तिच्या मावसभावानं आपला आणून टाकला. तिथून सुरू झालं. सुनंदा म्हणते, "तिथं लोखंड मोजत होता, इथं माणसं मोजता. फरक काय?" फरक आहे. लोखंड मापात बसलं नाही तर परत पाठवता येतं.

लोक समजतात की फोटो अल्बममध्ये असतात. थोडे असतात. बाकीचे बिस्किटांच्या डब्यात, साडीच्या खोक्यात, देवघराच्या खालच्या खणात आणि एलआयसीच्या पावत्यांमध्ये असतात. मी पहिल्यांदा त्या डब्याचाच फोटो काढतो, झाकण उघडायच्या आधी. मग वरून खाली, जसे आहेत त्याच क्रमानं नंबर देतो. घरमालक म्हणतात, "अहो, आधी लग्नाचे वेगळे करू, मुंजीचे वेगळे करू." मी करू देत नाही. ज्या माणसानं डब्यात ते ठेवले त्याला काहीतरी माहीत होतं, आणि तो आता सांगायला नाही. दोन फोटो शेजारी होते, एवढीच कधी कधी माहिती उरलेली असते.

मागं लिहायचं ते मऊ पेन्सिलीनं, दाब न देता. बॉलपेननं लिहिलं की पुढं चेहऱ्यावर रेघ उठते. चिकट पानांच्या अल्बमातले फोटो ओढायचे नाहीत, त्यांच्याखालून दात साफ करायचा दोरा हळूहळू सरकवायचा. आणि भिंतीवरच्या तसबिरीतले फोटो तर काढायचेच नाहीत. आपल्याकडं गेलेल्या माणसाच्या तसबिरीला दर सणाला गंध लागतं, हार पडतो, फुलांचं पाणी कडेनं आत उतरतं, आणि पंचवीस-तीस वर्षांत आजोबा काचेला चिकटतात. काच काढली तर आजोबा काचेबरोबर जातात. तसबिरीचा फोटो काचेवरूनच घ्यायचा, गंधासकट. एका घरात सुनेनं माझ्या येण्याआधी तसबीर साबणाच्या पाण्यानं स्वच्छ करून ठेवली होती. काच लखलखीत होती. आत पांढरा डाग आणि एक पगडी एवढंच उरलं होतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. तीन भाऊ एकदा एकच फोटो घेऊन भांडत आले. उशीला टेकवलेलं एक बाळ, अंगावर फक्त करदोटा. तिघांचंही म्हणणं, हा मी. घरात करदोटा एक, उशी एक, फोटोग्राफर एक, आणि तिन्ही बाळं तिसऱ्या महिन्यात गुटगुटीत. आई हयात नव्हती. थोरला म्हणाला, "माझे कान बघा." मी तिघांचे कान बघितले. नोंदीत लिहिलं, 'तिघांपैकी एक. कोण ते ठरलेलं नाही.' तिघंही माझ्यावर नाराज झाले, आणि मला वाटतं त्या दिवशी त्यांचं प्रथमच एकमत झालं.

के. आर. पुरमचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो घेऊन आले. लग्न मोडलं होतं. म्हणाले, "जावई तेवढा काढून टाका. हल्ली मोबाइलवर पण निघतं म्हणे." मी म्हटलं, मी नंबर घालतो, माणसं काढत नाही. त्यांनी गठ्ठा पिशवीत घातला, पुन्हा बाहेर काढला. शेवटी म्हणाले, "सरी," म्हणजे बरं, "मग नंबर घाला. त्याचा नंबर शेवटी घाला." नंबर फोटोला असतो, माणसाला नसतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. एवढा व्यवहार मलाही कळतो.

तर माझे नियम दोन. काढायचं काही नाही, घालायचं काही नाही. कॅसेटीच्या बाबतीत तिसरा एक आहे. कॅसेट शेवटपर्यंत चालू द्यायची. हा तिसरा नियम मी का पाळतो, ते सांगायला लीलाक्कांची गोष्ट सांगावी लागेल. आधी पाळत होतो तो कारखान्याच्या सवयीनं.

लीलाक्का मल्लेश्वरमच्या. त्यांचं घराणं तीनशे वर्षांहून जास्त काळ या मुलखात आहे. मी निपाणीकडचा, मला लोक इथं अजून 'तिकडून आलेले' म्हणतात. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड आणि ते त्यांना कळत नाही, माझ्या मराठीत पाव कन्नड आणि ते सुनंदाला सारखं कळतं. वय पंचाहत्तरच्या पुढं, बँकेत नोकरी करून निवृत्त, लग्न केलेलं नाही. एका सकाळी रिक्षानं आल्या. हातात चकलीचा पत्र्याचा डबा. डबा टेबलावर ठेवून म्हणाल्या, "यात अकरा कॅसेट आहेत. अकराही अण्णाच्या आवाजाच्या. मला त्यात आई पाहिजे."

मला नीट समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं.

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, रघुनाथ. ऐंशीच्या दशकात ते अमेरिकेला गेले. फोन महाग होता, ट्रंक कॉलवर तीन मिनिटांत 'ऐकू येतंय का' एवढंच व्हायचं. त्या काळी अशा घरांत कॅसेट पाठवायची पद्धत होती. अण्णांनी जाताना आईला टेपरेकॉर्डर देऊन ठेवला. आई रविवारी दुपारी त्यापुढं बसून कॅसेटभर बोलायची, कुणी तिकडं जाणारा असला की त्याच्याबरोबर ती जायची. अण्णा ऐकायचे आणि त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरून, कुणी येणारा असला की परत पाठवायचे. नवी कॅसेट कशाला, जुनी आहे ना. म्हणजे अण्णांचा आवाज चढला की खालचा आईचा गेला. मल्लेश्वरमला परत आलेल्या सगळ्या कॅसेटींवर अण्णा. आईचा आवाज असलेल्या, म्हणजे शेवटी तिकडं राहून गेलेल्या, त्या अण्णांच्या एका घरबदलीत गेल्या.

"आणि तुमच्याकडं आईंचा वेगळा काही नाही?" मी विचारलं.

"घरात असलेल्या माणसाचा आवाज कोण भरून ठेवतं, देसाई? रोज ऐकत होते. पुरे वाटत होता." मग त्यांनी डाव्या कानावर हात ठेवला. "हा गेला. उजवा निम्मा आहे. डॉक्टर म्हणतात, जाईल तो पण, सावकाश. तो जायच्या आत एकदा ऐकायचाय. एवढंच काम."

मी खरं ते सांगितलं. एका आवाजावर दुसरा भरला की पहिला पुसला जातो. तो खाली दबून राहत नाही, की वरचा खरवडला आणि खालचा निघाला. लोकांची तशी समजूत असते, भिंतीच्या रंगासारखी. तसं नसतं.

"म्हणजे नाहीच."

"उत्तर छोटं असेल आणि आईंचं बोलणं लांब असेल, तर शेवटी तेवढी पट्टी उरलेली असू शकते. असू शकते एवढंच म्हणतो."

"बघा," त्या म्हणाल्या. "आणि मला लवकर 'नाही' सांगू नका. स्वल्प वेळ घ्या."

कॅसेट घाईनं ऐकता येत नाही. तासाच्या कॅसेटीला तासच लागतो. त्याआधी ती उघडून बघायची. पट्टीवर पांढरी बुरशी असते, ती पुसायची. पट्टीला मागून दाब देणारा बारीक नमद्याचा तुकडा असतो, तो गळून पडलेला असतो, आणि मग आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा येतो. त्या अकरातल्या सहांचा गळलेला होता. त्यांची चाकं मी दुसऱ्या कवचात बसवली. मग एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं फिरवून सैल करायची, आणि मग लावायची.

अण्णा चांगलं बोलायचे. बर्फ कसा फावड्यानं काढावा लागतो, दुधाचे डबे केवढे असतात, मोटार शिकताना शेजारच्या पेरूच्या झाडासारख्याच कुठल्या तरी झाडाला कशी धडक दिली. प्रत्येक कॅसेटीत शेवटी, "आई, पायाचं दुखणं कसं आहे, लीलाला सांग डॉक्टरकडं न्यायला." मग, "बरं, आता ठेवतो." आणि त्यानंतर काही नाही.

हे 'काही नाही' मात्र कोरं नव्हतं. कोऱ्या पट्टीवर नुसती फुसफुस असते. इथं एक खोली ऐकू येत होती. फ्रिज सुरू व्हायचा, बंद व्हायचा. एकदा मोटार गेली. मला दुसऱ्या कॅसेटीच्या वेळी उलगडा झाला. अण्णा बोलणं संपवून रेकॉर्डर तसाच चालू ठेवत होते आणि आपण निघून जात होते, म्हणजे पुढचं जुनं सगळं पुसलं जाऊन कॅसेट स्वच्छ परत जावी. नीटनेटका माणूस. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं, हे मला लगेच पटलं आणि आवडलं नाही.

तरी मी प्रत्येक बाजू शेवटपर्यंत चालू दिली. कपाळावर चष्मा ठेवून रिकाम्या अमेरिकन खोल्या ऐकत बसलो. सुनंदा चहा घेऊन आली की विचारायची, "आज काय म्हणतोय फ्रिज?"

आठव्या कॅसेटीच्या दुसऱ्या बाजूला अण्णा एका दुकानाबद्दल सांगत होते. मध्येच दारावरची घंटा वाजली. "आई, कुणीतरी आलंय, थांब, एक मिनिटात येतो." खट असा आवाज. आणि लगेच, वाक्याच्या मध्यातून, एका म्हाताऱ्या बाईचा आवाज.

अण्णा परत येऊन बसले नव्हते. पाहुणा कोण होता ते आता त्यांनाही आठवत नाही. तो आला नसता तर ही चार-साडेचार मिनिटंही फ्रिजखाली गेली असती.

मी ते ऐकलं. जसं आहे तसं उतरवून काढलं. त्यातला थोडा भाग इथं देतो. लीलाक्कांची परवानगी घेतली आहे.

"...सांगून काय उपयोग, रघू. हिच्या हाताला मीठच कळत नाही. एक दिवस खारट, एक दिवस अळणी. बँकेतनं येते, चप्पल काढते, की पहिलं पुस्तक. मी हाक मारली की 'आले, आले'. येते कुठं? तू होतास तेव्हा एका हाकेत उठत होतास." इथं मागं भांडं आपटल्याचा आवाज. "शेजारच्या पद्मक्का म्हणतात, मुलगी जवळ आहे, नशीबवान. मी म्हटलं, तुम्ही न्या चार दिवस." पुन्हा भांडं, मोठ्यानं. "माझ्या औषधाची वेळ हिच्या लक्षात नाही..."

सगळं असंच. मुलाचं कौतुक आणि मुलीची गाऱ्हाणी. ज्या मुलीनं लग्न न करता त्यांना शेवटपर्यंत सांभाळलं, तिची. शेवटचं वाक्य, "आणि काल मी लीलाला म्हटलं की..." इथं पट्टी संपते.

मी सुनंदाला ऐकवलं. एरवी मी कुणाचं काही घरात ऐकवत नाही, पण हे एकट्याला झेपेना. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "सगळ्या आया अशाच. लांबचा लेक गोड."

"त्यांना देऊ का?"

"मला काय विचारता. तुमचे नियम आहेत ना भिंतीवर."

नियम भिंतीवर नाहीत, पण तिचा मुद्दा बरोबर होता.

अडचण दुसरीही होती. मी त्यांच्या आईंना कधी ऐकलं नव्हतं. हा आवाज शेजारच्या पद्मक्कांचा नसेल कशावरून? नावं जुळत होती, पण खात्रीच्या रकान्यात मला माणूस हवा होता. लीलाक्कांना विचारून उगाच आशा लावण्यात अर्थ नव्हता. अण्णांचा नंबर त्यांनीच देऊन ठेवला होता, काही विचारायचं असलं तर विचारा म्हणून. मी तो तुकडा अण्णांना पाठवला आणि फोन केला.

अण्णा ऐंशीच्या घरात आहेत. फोनवर असतानाच त्यांनी तो तुकडा लावला. मग म्हणाले, "आईच." आणि लगेच, "बाकीचं मीच पुसलं ना?"

मी म्हटलं, "हो, तिथं आता फ्रिज ऐकू येतो. पण पद्धतच तशी होती. सगळी घरं तेच करत होती."

"फ्रिजचा आवाज ठेवला मी," ते म्हणाले. "बरं, देसाई, एक करा. लीलाबद्दलचं तेवढं काढून टाका. आणि मागं भांड्यांचा गोंगाट आहे, तोही साफ करा. आईचा आवाज स्वच्छ येऊ द्या."

"लीलाक्कांबद्दलचं काढलं तर काय उरतं ते मी बघितलंय. 'रघू', 'पद्मक्का म्हणतात' आणि एक खोकला."

"मग तेवढं द्या. खोकला तर खोकला. तिनं आयुष्य घातलं हो त्या घरात. या वयात तिनं हे का ऐकायचं?"

"मी कापत नाही, अण्णा."

"मग काही मिळालं नाही म्हणून सांगा. ती विश्वास ठेवील तुमच्यावर."

तेच तर. हा माणूस खोटं बोलायला सांगत होता ते बहिणीच्या मायेनं, आणि चुकीचं मागत होता असं मला सरळ म्हणता येईना. भांड्यांच्या आवाजाबद्दलही त्यांचं बरोबर होतं. यंत्रावर तसा गोंगाट कमी करता येतो, आणि ऐकण्यासाठी वेगळी प्रत करताना मी तो थोडाफार करतोही. पण काम लीलाक्कांनी दिलं होतं. कान त्यांचा जात होता. मी अण्णांना म्हटलं, "मी लपवणार नाही, पण अचानक कानावरही घालणार नाही. यात काय आहे ते आधी तोंडानं सांगेन. मग ऐकायचं की नाही ते त्या ठरवतील. तोवर तुम्हीही काही बोलू नका."

"तिला वाईट वाटलं तर?"

"तर माझ्यावर चिडतील. मला सवय आहे."

अण्णा म्हणाले, "तुम्हाला असेल. मला नाही." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मल्लेश्वरमला गेलो. मेट्रोनं गेलो, लॅपटॉप आणि चांगले हेडफोन मांडीवर घेऊन. रस्त्यात ठरवून टाकलं होतं काय बोलायचं, कारखान्यात माल नाकारताना ठरवत असू तसं. कमी शब्दांत, आधी निकाल, मग कारण.

लीलाक्कांनी दार उघडलं आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "नाही ना? सरी. या, कॉफी घ्या."

"आहे," मी म्हटलं. "चार मिनिटांच्या वर आहे. अण्णांनी आवाज ओळखलाय."

त्या खुर्चीवर बसल्या.

"पण लीलाक्का, त्यात आई तुमच्याबद्दल बोलल्यात. चांगलं नाही बोलल्या. सगळं गाऱ्हाणंच आहे. तुम्ही म्हणाल तर मी तुम्हाला त्याचा कागद देतो, आधी वाचा. म्हणाल तर नुसता तुमच्याकडं ठेवून जातो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "गाऱ्हाणं आहे?"

"हो."

"माझं?"

"हो."

"मग आईच आहे," त्या म्हणाल्या. "लावा."

हेडफोन उजव्या कानावर नीट बसवायला वेळ लागला. मी आवाज वाढवला आणि चालू केलं. मी स्वतः ऐकत नव्हतो, पण समोर पडद्यावर पट्टी सरकत होती, म्हणून कुठलं वाक्य चाललंय ते मला कळत होतं. मीठ. पुस्तक. 'आले, आले'. त्यांचा चेहरा मी शक्यतो बघत नव्हतो. पद्मक्कांच्या जागी मला हसल्यासारखा आवाज आला, म्हणून वर बघितलं. त्या खरंच हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होत्या, आणि दोन्हीकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

पट्टी संपली. त्यांनी हात वर केला. "स्वल्प मागं न्या. ते पद्मक्का म्हणते ना, त्याच्या आधी."

मी मागं नेलं.

"हे," त्या म्हणाल्या. "हे काय लिहिलंय तुम्ही?"

"काय?"

"हा आवाज. धाडकन् झालं ते."

मी कागद बघितला. "पार्श्वभूमीला भांड्यांचा आवाज."

"भांड्यांचा नाही हो," लीलाक्का म्हणाल्या. "माझा आहे."

मग त्यांनी सांगितलं. रविवारी आई टेपपुढं बसली की घरात तोंडातून शब्द काढायचा नाही, असा हुकूम होता. अण्णाला गडबड ऐकू जायला नको. नळ सोडायचा नाही, रेडिओ लावायचा नाही. आई बोलायची पुढच्या खोलीत, आणि त्या मागं स्वयंपाकघरात. मध्ये नुसता पडदा. आई सांगायची अण्णाला, पण आवाज चढवायची पडद्याच्या बाजूला. "मला समोर कधी बोलली नाही असं. अमेरिकेला सांगायची, मला ऐकू जावं म्हणून. आणि मला बोलायची बंदी. मग मी काय करू? हाकेचं म्हणाली, मी पातेलं आपटलं. पद्मक्काचं म्हणाली, मी परात टाकली. बघा ना, तिला कळतंय. आपटलं की ती थांबते, मग आणखी एक सांगते."

मी हेडफोन घेऊन पुन्हा ऐकलं. खरंच होतं. प्रत्येक भांड्यानंतर आई श्वासभर थांबत होत्या, आणि पुढचं वाक्य जरा जास्त चवीनं बोलत होत्या. मी ते कितीतरी वेळा ऐकलं होतं. सेकंदासकट नोंदवलं होतं. अण्णांच्या सांगण्यावरून साफ केलं असतं तर पहिलं तेच गेलं असतं. हे मी त्यांना सांगूनही टाकलं.

"शेवटचं वाक्य अर्धं आहे," मी म्हटलं. "'काल मी लीलाला म्हटलं की...' पुढं काय असेल?"

"पुढं खूप होतं. पट्टी संपली ते तिला कळलंच नाही, ती बोलतच होती. मीच बाहेर येऊन सांगितलं, आई, साकु, पुरे, संपली कॅसेट. तर म्हणाली, संपू दे, तू ऐकतेस ना."

हे सांगून त्या उठल्या आणि कॉफी करायला आत गेल्या. मी पडद्याकडं बघत बसलो. माझ्या आईचा आवाज माझ्याकडं नाही. चार मिनिटंही नाहीत, गाऱ्हाणंही नाही. कारखान्यात असताना रोज माझ्यासमोर मोजायची साधनं होती, आणि घरी आई बोलत होती. असो. आत पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला, साधा, हळू.

कॉफी घेऊन आल्यावर त्यांनी अण्णांना फोन लावायला सांगितला. तिकडं पहाट असेल असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, उठू दे. अण्णांनी पहिल्या घंटेला उचलला. माणूस जागाच होता.

"अण्णा, ऐकलं मी."

अण्णा काहीतरी हळू बोलले.

"वाईट कशाचं? तुला गोड बोलायची, मला खारट. मला खारटच माहीत आहे. गोड आवाज आणून दिला असता तर मी म्हटलं असतं, ही कोण बाई." मग, "आणि तू भांडी काढायला सांगितलीस म्हणे. वा. एकदा बोलायला मिळालं होतं मला."

तिकडून अण्णांचं हसणं फोनबाहेरही ऐकू आलं. ते जरा वेळानं वेगळंच काहीतरी झालं, तेव्हा मी कॉफीचा पेला घेऊन खिडकीशी गेलो.

निघताना लीलाक्का म्हणाल्या, "देसाई, कागद सुधारून द्या."

मी तिथंच सुधारला. आवाज जसा होता तसाच ठेवला, काही कमी-जास्त केलं नाही. माझ्या नोंदीत 'बोलणाऱ्या व्यक्ती' असा एक रकाना असतो. त्यात मी आधी 'एक' लिहिलं होतं. ते खोडून 'दोन' केलं. पहिलं नाव आईंचं. दुसरं लीलाक्कांचं, आणि कंसात, 'भांड्यांनी'. हे कुणी सांगितलं, या रकान्यात लिहिलं, 'स्वतः'.